सणाच्या आदल्या दिवशी या : सिनेगॉगमध्ये सेवेला जाणाऱ्या विदर्भातल्या नवख्यांसाठी

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळात, मदत करायची इच्छा असेल तर सणाच्या दिवशी जाऊ नका, आदल्या दिवशी जा. ज्यू सणाच्या मुख्य दिवशी आणि दर शनिवारी काम करणंच निषिद्ध असतं. स्वयंपाक, झाडलोट, मांडव, सामानाची ने-आण हे सगळं सूर्य मावळायच्या आत उरकलेलं असतं. आपल्याकडे भंडाऱ्याच्या दिवशी सकाळी उठून पोट्टे कामाला लागतात, तसं तिथे नाही. तुम्ही सणादिवशी कंबर कसून पोचाल आणि लोक तुम्हाला प्रेमानं खुर्चीवर बसवतील. झालं, तुमची सेवा तिथेच संपली.

हे लिहायचं कारण, आपल्या यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडची बरीच पोरं-पोरी शिकायला किंवा कामाला पुण्या-मुंबईला असतात. त्यातल्या काहींना राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायचे असतात, काहींना नुसती उत्सुकता असते. आपल्या खेड्यांत सिनेगॉग नाही. ज्यू माणूस भेटलेला असेल तर तो फार तर रेल्वेतला किंवा बँकेतला एखादा साहेब, आणि आडनाव पेणकर किंवा दिवेकर असल्यामुळे तो ज्यू आहे हे कळलंही नसेल. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

पहिली पायरी : कोणाकडे जातोय ते समजून घ्या

महाराष्ट्रातले बहुतेक ज्यू बेने इस्राएल समाजाचे. घरची भाषा मराठी, मूळ कोकणातलं. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. जे वाचले त्यांनी तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आपल्याकडे तेली समाज मोठा, त्यामुळे हे ऐकून आपुलकी वाटेल. पण समोरच्याला त्या नावानं हाक मारू नका. तो त्यांचा इतिहास आहे, आडनाव नव्हे.

१९४८ साली इस्राएल देश झाल्यावर बहुतांश कुटुंबं तिकडे गेली. आज अख्ख्या भारतात ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात आहे, त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. २०१६ मध्ये राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. संख्या कमी असल्यानं होतं काय, की एका सणाची तयारी हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा माणसांवर पडते, आणि त्यात अर्धे साठी ओलांडलेले असतात. मदतीची गरज खरी आहे ती इथे.

दुसरी पायरी : जागा निवडा

पुण्यात असाल तर दोन ठिकाणं. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचं ‘लाल देऊळ’. लाल विटांची, उंच मनोऱ्याची ही वास्तू १८६७ साली पुरी झाली. ज्या ससून घराण्याच्या नावानं हॉस्पिटल आहे, त्याच डेव्हिड ससून यांनी ती बांधवली आणि त्यांची कबरही त्याच आवारात आहे. दुसरं रास्ता पेठेतलं सुक्कथ शलोमो, १९२१ चं, बेने इस्राएल समाजाचं. मला विचाराल तर नवख्यानं आधी रास्ता पेठ पाहावी. कॅम्पात वास्तू बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, रास्ता पेठेत माणसं भेटतात.

ठाण्यात शआर हशामाइम, १८७९ चं. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचं शआर हरहामीम सगळ्यांत जुनं, त्याची स्थापना १७९६ ची. पनवेलला बेथ एल आहे, अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ. गावाकडून जाणार असाल तर पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा, अकोल्याहून मिळते. मुंबईकडे विदर्भ एक्स्प्रेस आहेच. फक्त तिकीट काढताना वार बघा. शुक्रवारी संध्याकाळी उतरून फोन लावाल तर कोणी उचलणार नाही. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू झालेला असतो, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. गुरुवारी पोचा, नाहीतर रविवारी.

तिसरी पायरी : पत्र

न कळवता जाऊ नका. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून या वास्तूंवर पोलीस पहारा असतो. फाटकावर आधार कार्ड मागतील, पिशवी उघडायला लावतील, पुन्हा पुन्हा तेच विचारतील. चिडू नका. भला मोठा सॅक घेऊन जाऊ नका आणि आल्या आल्या मोबाइल काढून फाटकाचा व्हिडिओ करू नका.

आधी विश्वस्तांच्या नावे साधं पत्र द्या. मजकूर असा चालतो (सुक्कोथ म्हणजे मांडवाचा सण, त्याचं पुढे सांगतो) :

‘मा. विश्वस्त, स.न.वि.वि. आम्ही दारव्हा तालुक्यातले चौघे विद्यार्थी सध्या पुण्यात शिकतो. आम्ही आपल्या समाजातले नाही. सुक्कोथच्या तयारीत मांडव घालणं, झाडलोट, सामानाची ने-आण या कामांत मदत करण्याची इच्छा आहे. ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फोटो काढणार नाही. आपल्या सोयीचा दिवस कळवावा. सध्या काम नसेल तर तसंही कळवावं, ही विनंती.’

‘आम्ही आपल्या समाजातले नाही’ हे वाक्य गाळू नका. लपवण्यासारखं काही नाही आणि त्यावरूनच कुठलं काम द्यायचं ते ठरतं. आणखी एक, पत्रात किंवा पहिल्या भेटीत इस्राएलमधल्या नोकरीचा, व्हिसाचा विषय काढू नका. बांधकाम कामगारांची भरती निघाल्याच्या बातम्या आल्यापासून हे वाढलं आहे. सिनेगॉग म्हणजे भरती कार्यालय नाही. तिथल्या राजकारणावर तुमचं मत काय, तेही कोणी विचारलेलं नसतं. आणि आपल्याकडे कट्ट्यावर हिटलरचं नाव जे सहज कौतुकानं घेतात, ती सवय तर घरीच ठेवून जा.

धर्मांतराची भीती काहींच्या घरच्यांना वाटते. ती सोडून द्या. ज्यू लोक कोणाला आपल्यात ओढत नाहीत. उलट कोणी स्वतःहून यायचं म्हटलं तरी वाट लांबची आणि कठीण असते.

चौथी पायरी : आत गेल्यावर

पुरुषांनी डोकं झाकायचं. दारापाशी टोप्या ठेवलेल्या असतात, नसल्या तर रुमाल बांधा. गांधी टोपीही चालते. बायकांनी पदर किंवा ओढणी घ्यावी. बऱ्याच ठिकाणी स्त्रियांची बसायची जागा वेगळी किंवा वरच्या सज्जात असते. चपला बाहेर की आत, ते इतरांचं बघून करा. चौकटीवर उजवीकडे लावलेली छोटी डबी दिसेल, ती मेझुझा. येणारे-जाणारे तिला हात लावून बोटं ओठांना टेकवतात. तुम्ही करायला हवं असं नाही, पण रंगकाम करताना ती काढू किंवा रंगवू मात्र नका.

समोरच्या भिंतीत पडद्यामागे कपाट असतं, हेखाल. त्यात सेफेर तोरा, म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेल्या ग्रंथाच्या गुंडाळ्या. कपाट उघडलं की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. त्या गुंडाळ्यांना, मधल्या चौथऱ्याला, तेवत्या दिव्याला आपणहून हात लावायचा नाही, पुसायचंही नाही. बाकी सगळं झाडा-पुसा.

माणसांची ओळख अशी : प्रार्थना चालवतो तो हज्जान, वास्तूची देखभाल करतो तो शमाश. जुन्या पद्धतीत मुकादम, चौगुला, गबई असे मानकरी असत. आता कारभार विश्वस्त बघतात. तुमचं काम पडतं शमाशकाकांशी. चाव्या कुठे, बादल्या कुठल्या, कोणाला दुखावू नये, सगळं त्यांना ठाऊक असतं. अध्यक्षांशी ओळख नंतर झाली तरी चालेल. काका, मावशी, अंकल, आंटी यांतलं काहीही चालतं. शनिवारी ‘शब्बाथ शालोम’, एरवी नुसतं ‘शालोम’.

पाचवी पायरी : काम

शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात ज्यानं सेवेकरी म्हणून पाळी केली आहे, त्याला अर्धं शिक्षण मिळालेलंच आहे. दिलेलं काम करायचं, न दिलेलं करायचं नाही, आवाज चढवायचा नाही. उरलेलं अर्धं इथे सांगतो.

*कपाटं आवरणं.* नवख्यांना बहुधा हेच काम आधी मिळतं आणि इथेच सर्वांत जास्त जपायचं असतं. जुनी, फाटकी, वाळवी लागलेली हिब्रू पुस्तकं, सुटी पानं, छापील पत्रकं दिसतील. यातला एक कागदही रद्दीत घालायचा नाही, जाळायचा नाही. देवाचं नाव असलेला मजकूर वेगळ्या जागी साठवतात आणि पुढे विधीनं पुरतात. या साठ्याला गेनिझा म्हणतात. हिब्रू वाचता येत नसताना कुठलं पान साधं आणि कुठलं पवित्र हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून नियम सोपा : हिब्रू अक्षर दिसलं की बाजूच्या खोक्यात. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही. उलटं पडलं असेल तर सरळ करायचं. मराठी पुस्तकंही नीट बघा. पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी मजकुराचा सचित्र हग्गादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, छापला गेला होता, आणि बेने इस्राएल मंडळींनी १८८० पासून बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली, त्यांच्या पुस्तिका निघाल्या. असलं एखादं पुस्तक पिवळं पडून कोपऱ्यात असू शकतं. ते तुमच्या हातून झाडूखाली जायला नको.

*मांडव.* आपल्या पोरांनी खरं तर यासाठीच जावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योम किप्पूरचा उपास झाला की पाचव्या दिवशी सुक्कोथ येतो. सात दिवस मांडवात बसून जेवायचं, ही त्याची रीत. लग्नाचा मांडव घातलेल्या हातांना तो घालणं अवघड नाही, पण नियम वेगळे आहेत. मांडव उघड्या आभाळाखाली हवा. लिंबाच्या झाडाखाली सावली छान असली तरी चालत नाही, पत्र्याखालीही नाही. वरचं आच्छादन जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलं हवं. बांबू, झावळ्या, शिंदीचे फोक, डहाळ्या चालतात. ताडपत्री, हिरवं नेट, टिन चालत नाही. मांडवावर चढवलेला जिवंत वेलही चालत नाही, कारण तो अजून मुळाशी जोडलेला असतो. उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री फटीतून चांदण्या दिसाव्यात इतकंच दाट करतात. भिंतींना तट्टे, कापड, काहीही. लोखंडी पाइपवर फांद्या थेट टाकायच्या असतील किंवा तारेनं बांधायचं असेल तर आधी विचारा, यावर मतं वेगवेगळी असतात.

याच सणाला चार वनस्पती हातात धरून प्रार्थना करतात. खजुराच्या झाडाचा न उमललेला कोंब, मेंदीसारख्या पानांचं हदास, वाळुंजाची फांदी आणि एत्रोग, म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ. वरूड-मोर्शीकडच्या वाचकाला यातलं एक आवडेल : कलम केलेल्या झाडाचा एत्रोग बाद. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून संत्र्याच्या बागा उभ्या करणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम ऐकून हसू येईल, पण घरच्या बागेतलं लिंबूवर्गीय फळ ‘हे घ्या, तसंच दिसतं’ म्हणून नेऊ नका. संत्री न्यायचीच असतील तर पेटीभर खायला न्या, आनंदानं घेतील.

*स्वयंपाकघर.* इथे कमीत कमी पुढाकार घ्या. मटण आणि दूध-दही एकत्र येत नाही, त्यांची भांडीही वेगळी. बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध घालतात ते यामुळेच. माशांपैकी खवले आणि पर असलेलेच चालतात, झिंगे बाद, डुकराचं तर नावच नको. म्हणून डबा, सावजी रस्सा, घरच्या सांबारवड्या, आईनं प्रेमानं दिलेला चिवडा, सगळं बाहेर. चिवड्यात वाईट काही नाही, पण तो कुठल्या कढईत तळला ते त्यांना माहीत नसतं. भाज्या धुणं, नारळ खोवणं, पाणी भरणं, पत्रावळी मांडणं ही कामं मागून घ्या. भांडं कुठलं घ्यायचं ते दर वेळी विचारा. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथला आणि सणाला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुकांचं सरबत घरीच करतात. त्या बाटलीला, पेल्याला हात लावू नका. द्राक्षरसाच्या बाबतीत, तो कोणी ओतला याचेही धार्मिक नियम आहेत.

पेसाहच्या, म्हणजे मार्च-एप्रिलमधल्या सणाच्या आधीचा आठवडा सगळ्यांत कडक. गहू, सातू आणि त्याच कुळातली मिळून पाच धान्यं आंबवलेल्या रूपात घरातून पूर्ण काढतात. बिस्किटाचा चुराही चालत नाही. खिसे झटकून जा. ज्वारी त्या पाचांत येत नाही, तरी भाकर बाहेरच खाऊन घ्या, वाद कशाला. या दिवसांत तांदूळ निवडायला बसवलं तर मन लावून निवडा. गव्हाचा एक दाणा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून.

*मलिदा.* पहिल्यांदा हजेरी लावायला याहून चांगला कार्यक्रम नाही. बेने इस्राएलांची ही खास रीत, प्रेषित एलियाहू हनाबींच्या नावानं. नवस फिटला, लग्न ठरलं, घर घेतलं, परदेशी जायचं ठरलं की मलिदा. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर खजूर, केळी आणि इतर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबींचं स्थान मानतात, तिथे तू बिशवाथला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला, समाज जमतो आणि मलिदा करतो. तुमचं काम पोहे धुणं, फळं कापणं, वाटप. तोंडात मात्र काही टाकायचं नाही. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत येणाऱ्याचा वेगळा, ते म्हणून झाले की मगच.

*सजावट.* रांगोळी छान काढता येत असेल तर सांगा, पण स्वस्तिक काढू नका. इथल्या ज्यूंना त्याचा आपल्याकडचा अर्थ पूर्ण ठाऊक आहे, परदेशी पाहुण्यांना नसतो आणि त्यांच्या आजी-आजोबांच्या आठवणी भयंकर आहेत. देवाची, माणसांची चित्रंही नकोत. वेलबुट्टी काढा, डाळिंब काढा.

*म्हातारी माणसं.* हे कार्यक्रमाचं काम नाही, म्हणून कोणी मागत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हेच. मुलं इस्राएलला, आई-वडील इथे, अशी घरं बरीच. रेल्वे-सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत नेऊन आणणं, मोबाइलवर मुलाशी व्हिडिओ कॉल लावून देणं, दवाखान्यात रांगेत उभं राहणं. ओळख शमाशकाकांमार्फतच करून घ्या, थेट दार वाजवू नका. कोणी घरात घेतलं तर शनिवार सोडून जा.

सहावी पायरी : शनिवारी नुसते पाहुणे व्हा

शब्बाथला पैसे हाताळत नाहीत, लिहीत नाहीत, विजेचं बटण दाबत नाहीत, गाडी चालवत नाहीत. म्हणजे त्या दिवशी देणगीची पावती नाही, हजेरीच्या कागदावर सही नाही. सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, सही रविवारी घ्या. पंखा बंद दिसला म्हणून आपण ज्यू नाही, आपल्याला चालतं, असं ठरवून उठून बटण दाबू नका. तेही त्यांच्या दृष्टीनं सरळ नसतं. काय चालू ठेवायचं ते शुक्रवारी दुपारीच विचारून करून ठेवा.

सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. छोट्या सिनेगॉगमध्ये नऊ जमतात आणि दहाव्याची वाट बघत सगळे बसतात. तुम्ही समोर बसलेले असलात तरी तुम्ही मोजले जात नाही. यात अपमान नाही. त्या वेळी उपयोगी पडायचं तर आदल्या दिवशी एखाद्या आजोबांना सकाळी चालत आणायची जबाबदारी घेऊन ठेवा.

पाहुणे आपल्या गावात आले तर

हे उलट दिशेचं काम, पण विदर्भात होतं. सेवाग्रामला, आनंदवनला, ताडोब्याला ज्यू गट येतात. सेवाग्रामचं तर जुनं नातं आहे. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे ज्यू मित्र हर्मन कालेनबाख त्यांच्याकडे तिथे राहून गेले होते.

असा गट गावात जेवायला थांबणार असेल तर सावजीचा हट्ट सोडा. पूर्ण शाकाहारी ठेवा आणि त्यांना विचारून नवीन भांड्यांत करा. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण काढले की ताट-वाटीचा प्रश्न सुटतो. न कापलेल्या फळांवर अगदी कडक पाळणाराही बहुधा भागवतो. विस्तवावर भाजलेली कणसं, सालासकट उकडलेली अंडी द्यायची तर आधी विचारा, आणि अंडी नव्या पातेल्यात उकडा. हात धुवायला दोन कानांचा लोटा मागतील, नसला तर साधा मोठा तांब्या द्या.

भजनाचा कार्यक्रम ठेवायचा असेल तर ठेवा, त्यांना ऐकायला आवडतं. आरतीचं ताट मात्र त्यांच्यापुढे फिरवू नका आणि कुंकू लावायचा आग्रह नको, टोपी-उपरणं देऊन सत्कार करा. कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवू नका. गट शनिवारी मुक्कामाला असेल तर त्यांची झोपायची जागा आणि जेवणाची जागा पायी जाता येईल इतकी जवळ हवी, आणि परतीची गाडी रात्री उशिराची.